पहिल्या घासालाच जबडा सुजायचा : जळगावच्या कान-नाक-घसा दवाखान्याचा माझा अनुभव

मी भुसावळला खानावळ चालवते. २२ वर्षं झाली. रोजचे ६० डबे आणि बसून जेवणारे २५-३० जण. रेल्वेत नवीन लागलेली पोरं, कॉलेजची पोरं, एकटे राहणारे दोन-तीन मास्तर. रस्सा असो, वरण असो की ठेचा, मी स्वतः चाखल्याशिवाय काही बाहेर जात नाही. गेल्या वर्षीच्या चैत्रात हे चाखणंच मला नकोसं झालं. पळीतला थेंब जिभेला लागला की उजव्या जबड्याखाली कळ यायची आणि बघता बघता तिथे लिंबाएवढी गाठ वर यायची. तास-दीड तासात आपोआप उतरायची. संध्याकाळच्या स्वयंपाकाला परत तेच.

हे दुखणं नक्की कशाचं आहे ते कळायला मला सात महिने लागले. जळगावच्या या दवाखान्यात ते पहिल्या भेटीत, पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत कळलं. लाळेच्या नळीत खडा होता. मुतखडा सगळ्यांना माहीत असतो, पण लाळेतही खडा होतो हे मी ४८ वर्षांच्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. माझ्यासारखं कोणाला होत असेल तर त्याला वाचून ओळख पटावी, म्हणून सगळं बैजवार लिहिते आहे.

आधीचे सात महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते. नावं कोणाचीच लिहीत नाही. एका ठिकाणी दाढेमुळे होतंय म्हणून दाढ काढली. दाढ किडलेली होती हे खरं, पण सूज काही गेली नाही. दुसरीकडे गालगुंड म्हणाले. तिसरीकडे पाच-पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स तीन वेळा झाला. प्रत्येक कोर्सनंतर पंधरा-वीस दिवस बरं वाटायचं, की पुन्हा पहिले पाढे. शेजारच्या आजी रोज विचारायच्या, "काय व्हयनं वं माय, एकच गाल कसा काय फुगना?" त्यांनी हळद-तुरटीचा लेप दिला, तोही लावला. दिवाळीनंतर एका मोठ्या ठिकाणी सांगितलं की गाठ खराब झाली आहे, पूर्ण भूल देऊन मानेला चीर देऊन ती काढूनच टाकावी लागेल. खड्याचं नावसुद्धा तिथे कोणी काढलं नाही.

गाठ काढायची हे ऐकल्यावर माझे हातपाय गळाले. माझे दीर चार वर्षांपूर्वी तोंडाच्या कॅन्सरने गेले. तंबाखूची सवय होती. त्यांचंही आधी जबड्याखालच्या गाठीवरूनच लक्षात आलं होतं. त्यामुळे माझ्या मनात काय चाललं असेल ते सांगायला नको. मी घरात कोणाला बोलले नाही. पोरांना वाढून झालं की मागच्या पडवीत एकटी बसून जेवायची, म्हणजे चेहरा कोणाला दिसू नये. नंतर नंतर तर एकवेळच जेवायला लागले. सात महिन्यांत माझं वजन पाच किलोने उतरलं आणि त्या उतरलेल्या वजनाने भीती आणखी वाढली.

माझ्या खानावळीत जेवणारा चोपड्याकडचा एक मुलगा आहे. त्याच्या वडिलांच्या आवाजाचा त्रास या दवाखान्यात बरा झाला होता. त्याने एक दिवस मला पडवीत जेवताना पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, कापायला जाण्याआधी एकदा इथे दाखवून घ्या." एवढ्या एका वाक्यासाठी मी त्या पोराची जन्मभर ऋणी राहीन.

मी एका मंगळवारी गेले. भुसावळहून जळगाव रेल्वेने अर्ध्या तासाचंही नाही, पण दवाखान्यात मात्र दोन तास चाळीस मिनिटं बसले. बोर्डावर ११ ची वेळ लिहिली आहे. डॉक्टर मॅडम ऑपरेशन उरकून पाऊण वाजता आल्या. दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. बसायला बाकं पुरेशी आहेत, पंखे आहेत, प्यायचं पाणी थंड आणि स्वच्छ. केसपेपरचे ४०० रुपये. नंबर कितवा चाललाय ते कोणी सांगत नाही, आपणच पुन्हा पुन्हा उठून विचारायचं. हे सगळं मी मॅडमना तोंडावरही सांगितलं आहे, म्हणून इथे लिहायला संकोच नाही.

आत गेल्यावर मी पिशवीतून सगळे जुने कागद काढले. मॅडमनी ते बाजूला ठेवले आणि म्हणाल्या, "ताई, कागद मी बघतेच. आधी मला सांगा, सूज येते कधी?"

सात महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सगळ्यांनी किती दिवसांपासून हे विचारलं, दिवसाच्या कोणत्या वेळी हे नाही. मी म्हटलं, जेवताना. त्या म्हणाल्या, जेवण झाल्यावर की पहिल्या घासाला? मी म्हटलं, पहिल्या घासाला. चिंच-कैरी खाल्ली तर जास्त? हो. आणि नुसती कैरी डोळ्यासमोर आणली तर? मी गप्पच झाले, कारण हे खरं होतं आणि ते मी स्वतःलाही वेडेपणा समजून सांगितलं नव्हतं. वैशाखात लोणच्याच्या कैऱ्या फोडायला बसले होते, तोंडात एक फोडही टाकली नव्हती, तरी जबडा ठणकायला लागला होता.

मग त्यांनी हातमोजे घातले. एका हाताचं बोट माझ्या जिभेखाली, दुसऱ्या हाताची बोटं जबड्याखाली बाहेरून, आणि दोन्ही हातांच्या मध्ये ती जागा मागून पुढे हळूहळू चाचपत आणली. आपण पुरणात डाळीची कणी राहिली का ते चिमटीत बघतो, अगदी तसं. पुढे आल्यावर त्यांचं बोट एका जागी थांबलं. तिथे त्यांनी जरासं दाबलं आणि मला टोचलं. "इथे काहीतरी कडक लागतंय," त्या म्हणाल्या, "पण बोटावर विश्वास ठेवून थांबायचं नाही. आपण बघूया."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. सिस्टरला लिंबाची फोड आणायला सांगितली. माझ्या हातात छोटा आरसा दिला. जीभ वर उचलायला लावली. जिभेखाली मधोमध जो पातळ पडदा असतो ना, त्याच्या दोन्ही बाजूंना मुंगीच्या डोक्याएवढे दोन उंचवटे असतात. जबड्याखालच्या ग्रंथींची लाळ तोंडात येते ती त्या दोन तोंडांतून. मॅडमनी कापसाच्या पट्टीने ती जागा कोरडी पुसली आणि लिंबाचे दोन थेंब माझ्या जिभेवर टाकले. आरशात मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. डाव्या बाजूच्या उंचवट्यावर स्वच्छ पाण्याचा थेंब उभा राहिला, ओघळला, दुसरा उभा राहिला. उजवी बाजू कोरडीच. आणि त्याच वेळी बाहेर जबड्याखाली गाठ वर यायला लागली. मग मॅडमनी त्या गाठीला मागून पुढे दाब दिला, तेव्हा उजवीकडून जेमतेम एक थेंब आला, तोही गढूळ, ताकासारखा. थोडा पू झाला होता. सकाळी उठल्यावर तोंडात खारट घाण चव का असायची, तेही तेव्हाच कळलं.

त्या म्हणाल्या, "लाळ मागे तयार होतेय, पण वाट अडली आहे. खायला लागलं की लाळ वाढते, बाहेर जाता येत नाही म्हणून गाठ फुगते. मग हळूहळू कडेने झिरपून जाते आणि सूज उतरते. खड्याची सूज ही अशी जेवणाच्या घड्याळावर चालते. कॅन्सरची गाठ जेवणाप्रमाणे चढत-उतरत नाही. तरी आपण सोनोग्राफी करून खात्री करू."

हे ऐकल्यावर मी तिथेच रडले. सिस्टरने पाणी दिलं. मॅडमनी घाई केली नाही, बाहेर पेशंटची रांग असूनसुद्धा.

सोनोग्राफी समोरच्या सेंटरवर करायची असते, दवाखान्यात सोय नाही. ११०० रुपये. त्यात उजव्या नळीत ७ मिलिमीटरचा खडा दिसला, नळीच्या पुढच्या भागात, आणि मागे नळी फुगलेली. दुसरी कसलीही गाठ नाही. शिवाय दातांच्या एक्स-रेवाल्याकडे तोंडात पट्टी चावायला देऊन हनुवटीच्या खालून एक एक्स-रे काढला. त्यात तर खडा तांदळाच्या दाण्यासारखा पांढरा लख्ख दिसला. मी विचारलं की सीटी स्कॅन काढायचा का, कारण आधीच्या ठिकाणी तो लिहून दिला होता. मॅडम म्हणाल्या की हाताला लागतोय, सोनोग्राफीत आहे, एक्स-रेत आहे, मग तुमचे पैसे कशाला घालवू? खडा ग्रंथीच्या आत खोल असल्याची शंका असती किंवा अनेक खडे वाटले असते तर सीटी काढला असता. २ मिलिमीटरपेक्षा बारीक खडा सोनोग्राफीत निसटू शकतो, आणि एक्स-रेत तर सगळे खडे दिसतातच असं नाही, जबड्याखालच्या शंभरातले साधारण ८० दिसतात. म्हणून एक्स-रे कोरा आला म्हणजे खडा नाही असं समजायचं नाही, हे त्यांनी मला आवर्जून सांगितलं.

दुसऱ्या भेटीत मी प्रश्नांची यादीच घेऊन गेले होते. खडा होतोच कशाला, हा पहिला. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. कानापुढे गालात, जबड्याखाली आणि जिभेखाली. शंभरातले ८० ते ९० खडे जबड्याखालच्या ग्रंथीत होतात. कारण तिची नळी लांब, जवळजवळ ५ सेंटीमीटर, ती खालून वर चढते, तोंडाशी एकदम अरुंद होते, आणि तिथली लाळ घट्ट, चिकट, कॅल्शियम जास्त असलेली. लाळ साचून राहिली की त्यावर क्षार बसत जातो, थरावर थर.

मला हे लगेच समजलं. माझ्या भावाची यावल तालुक्यात केळी आहे. ठिबकच्या नळ्यांत क्षार बसला की छिद्रं बुजतात आणि पुढचं झाड सुकतं. तो ॲसिड सोडून नळ्या धुतो. मी मॅडमना म्हटलं, मग लिंबाने हा खडा विरघळेल का? त्या हसल्या नाहीत, नीट उत्तर दिलं. लिंबाने खडा विरघळत नाही. लिंबाने लाळेचा जोर वाढतो आणि बारीक खडा असेल तर तो त्या जोराने बाहेर ढकलला जातो. कित्येकांचे बारीक खडे भरपूर पाणी, गरम शेक, मागून पुढे चोळणं आणि लिंबाची गोळी चघळणं एवढ्यानेच पडून जातात. माझा ७ मिलिमीटरचा त्या सुईच्या नेढ्याएवढ्या तोंडातून जाणं शक्य नव्हतं.

कुळथाचं पाणी आणि पानफुटीची पानं घरात सगळ्यांनी सुचवली होती, मुतखड्यावर देतात म्हणून. मॅडम म्हणाल्या की मुतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, लाळेचा खडा मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा, म्हणजे आपलं हाड ज्याचं असतं त्याच जातीचा. दूध बंद करू नका, टोमॅटो बंद करू नका, त्याने काही होत नाही. आमच्या भागातलं बोअरचं खारं पाणी? त्यामुळे हे खडे जास्त होतात असं दिसलेलं नाही. पाणी खारं आहे यापेक्षा तुम्ही ते पिता किती, हे महत्त्वाचं.

आणि इथे माझी चूक मला दिसली. भुसावळचा वैशाख, पारा ४५ च्या वर, पुढे तीन शेगड्या. सकाळी पाचला कणीक मळायला उभी राहिले की दुपारी दोनपर्यंत मी अर्धा तांब्या पाणीसुद्धा पीत नव्हते. मध्ये उठायला लागू नये म्हणून. त्यात मिरचीच्या खाटाने शिंका येतात म्हणून दीड वर्षापासून मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून रोज घ्यायची. त्या गोळीने तोंड कोरडं पडतं, लाळ कमी होते. हे मॅडमनी माझ्या गोळ्यांची पाकिटं एकेक हातात घेऊन बघितली तेव्हा समजलं. कोणत्या डॉक्टरने पेशंटच्या पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडून बघितल्या आहेत? यांनी बघितल्या. बीपीची गोळी तशीच चालू ठेवायला सांगितली, सर्दीची बंद करून नाकात मारायचा स्प्रे दिला. तंबाखू, मिश्री, तपकीर यांचंही विचारलं. मी काहीच लावत नाही.

आधी पू होता म्हणून सात दिवस औषध दिलं. सूज असताना खडा काढायला घाई करायची नाही, मांस नाजूक झालेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. ग्रंथी काढून टाकायचा जो सल्ला मला मिळाला होता त्याबद्दल त्यांनी आधीच्या डॉक्टरांना नावं ठेवली नाहीत, हेही मला आवडलं. म्हणाल्या, काही जणांत ते करावंच लागतं. खडा ग्रंथीच्या पोटात असेल, पुन्हा पुन्हा पू होत असेल, बाकी उपाय हरले असतील, तर. पण तिथे तीन नसा अगदी जवळून जातात. एक खालच्या ओठाचा कोपरा हलवते, एक जिभेला स्पर्श-चव देते, एक जीभ वळवते. त्यामुळे आधी खडा काढून ग्रंथी वाचवायचा प्रयत्न करायचा. वाट मोकळी झाली की बहुतेक वेळा ग्रंथी पुन्हा कामाला लागते.

चवीचं नाव निघालं तेव्हा मी त्यांचा हात धरला. माझं सगळं पोट या जिभेवर आहे.

दुर्बिणीचंही त्यांनी स्वतःहून सांगितलं. आता काडीपेक्षा बारीक दुर्बीण लाळेच्या नळीत घालून तारेच्या जाळीत खडा पकडून काढतात, ४ मिलिमीटरपर्यंतचे खडे असे छान निघतात, मोठा असेल तर आत फोडून काढतात. "ती दुर्बीण माझ्याकडे नाही," त्या स्पष्ट म्हणाल्या. "तुमचा खडा मागे असता तर मी तुम्हाला पुण्या-मुंबईला पाठवलं असतं. पुढे आहे, बोटाला लागतो आहे, म्हणून तोंडातूनच काढता येईल." आपल्याकडे काय नाही हे सांगणारा डॉक्टर भेटला की माणसाचा जीव भांड्यात पडतो.

खडा काढला तो दिवस शुक्रवार. खानावळ वहिनीच्या हवाली करून गेले होते. पूर्ण भूल नाही, फक्त जिभेखाली सुन्न करायचं इंजेक्शन. ते टोचताना दुखलं, खोटं कशाला बोलू. डोळ्यांत पाणी आलं. पुढे मात्र नुसतं ओढल्यासारखं कळत होतं. मॅडम प्रत्येक पायरी आधी बोलून दाखवत होत्या. सगळ्यात आधी त्यांनी खड्याच्या मागे नळीला एक टाका घातला. तो का, तर हात लागल्यावर खडा मागे सरकून ग्रंथीत जाऊन बसू नये. मग बरोबर खड्याच्या वर छोटी चीर दिली. कट् असा आवाज मला डोक्यात ऐकू आला, चिमटा खड्याला लागल्याचा. आणि एकदम तोंडात गरम खारट पाण्याचा लोंढा आला. सात महिन्यांची अडलेली लाळ. सिस्टर नळीने ओढून घेत होती. मागचा टाका काढला, चिरेच्या कडा खालच्या मांसाला शिवून लाळेला नवीन रुंद तोंड करून ठेवलं. आत जाऊन बाहेर येईपर्यंत पस्तीस मिनिटं.

खडा त्यांनी धुऊन छोट्या डबीत घालून माझ्या हातात दिला. पिवळट, तुरीच्या दाण्याएवढा, एका बाजूला निमुळता. नखाने खरवडला तर खरखरीत लागतो, आणि उजेडात धरला की कांद्यासारखे थर दिसतात. एवढ्याशा कणीने मला सात महिने पडवीत बसवलं होतं.

चार तास बसवून ठेवलं, थंड दूध प्यायला दिलं, लाळ नीट येते का ते बघितलं आणि सोडलं. सगळे मिळून १४,५०० रुपये झाले, औषधं धरून. पावती मागितल्याशिवाय दिली नाही आणि दिली ती एका ओळीची. कशाचे किती हे लिहून द्यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मागितल्यावर दिलं. घरी काय करायचं याचा छापील कागद इंग्रजीत आहे. आमच्याकडच्या किती बायकांना तो वाचता येणार? माझी मुलगी फार्मसीला आहे म्हणून तिने वाचून दाखवला. मॅडमना मी म्हटलं, हा मराठीत करा. त्यांनी कंपाउंडरला सांगून माझ्यासाठी हाताने मराठीत लिहून घेतला. छापील मराठी कागद झाला की नाही ते पुढच्या वेळी बघेन.

नंतरचे दिवस असे गेले. पहिले दोन दिवस जिभेखाली सूज, बोलताना जीभ जड. जिभेचं उजवं टोक आठवडाभर मुंग्या आल्यासारखं होतं. मी घाबरून फोन केला. नस त्या नळीला ओलांडूनच जाते, तिला धक्का लागला असेल, उतरेल, पण शुक्रवारी दाखवा, असं त्या म्हणाल्या. नवव्या दिवशी उतरलं. भाताची पेज, मुगाची मऊ खिचडी, गार ताक. तिखट बंद. प्रत्येक खाण्यानंतर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा. टाके विरघळणारे होते, ते आपोआप पडले. तिसऱ्या दिवसापासून मागून पुढे हलक्या हाताने चोळायचं आणि लिंबाची गोळी चघळायची, म्हणजे नवीन वाट बुजणार नाही.

अकराव्या दिवशी शेवभाजीचा रस्सा उकळत होता. मी पळी घेतली, फुंकर मारली आणि जिभेवर ठेवली. हात आपसूक जबड्याखाली गेला. काही नाही. मीठ थोडं कमी होतं. ते घातलं. त्या दिवशी मी पोरांच्या पंगतीत बसून जेवले, कळण्याची भाकरी आणि भरीत, आणि सगळ्यांसमोर दोनदा वाढून घेतलं.

आता सहा महिने झाले. परवाच्या सोनोग्राफीत ग्रंथी नीट आहे, नवीन खडा नाही. खडा परत होऊ शकतो, हे त्यांनी लपवलेलं नाही. शेगडीजवळ मी आता तांब्या भरून ठेवते आणि पोळ्यांची एकेक चळत झाली की एक भांडं पिते.

त्यांनी मला काही गोष्टी बजावून सांगितल्या होत्या, त्या इथे मुद्दाम लिहिते. जबड्याखालची सूज लाल, गरम झाली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास अडकायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच मोठ्या दवाखान्यात जायचं. आणि जी गाठ जेवणाशी संबंध नसताना कायम तशीच राहते, वाढत जाते, दुखत नाही, किंवा ओठ वाकडा व्हायला लागतो, ती खड्याची समजून लिंबं चघळत बसायची नाही. तिची वेगळी तपासणी लागते.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली एक बाई माझ्याकडे आली. तिला कानापुढे, गालात सुजतं, तेही जेवतानाच. मी तिला लिंबाची फोड दिली, दहा मिनिटांत गाल वर आला. मंगळवारी तिला घेऊन गेले. या वेळी मी दुपारी साडेबाराला पोहोचले, त्यामुळे बसावं लागलं नाही. तिचा एक्स-रे कोरा आला. मॅडम म्हणाल्या, गालातले खडे एक्स-रेत दिसत नाहीत असं पुष्कळदा होतं, सोनोग्राफीच करू. तिची तारीख सोमवारची आहे. मी सोबत जाणार आहे, तिच्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून.